कोचसोबत सजगता ध्यानाचे पहिले आठ आठवडे : घरी काय करायचं आणि कोचला काय सांगायचं?

मृण्मयी_नाशिक

नमस्कार मंडळी,

पुढच्या सोमवारपासून एका कोचबरोबर माइंडफुलनेस ध्यानाचा सराव सुरू होतोय. आठ आठवडे, आठवड्यातून एकदा ४५ मिनिटांचा व्हिडिओ कॉल, बाकी दिवस घरी आपापलं. वेळ आणि पैसे दोन्ही घालायचे आहेत, तर तयारीनिशी जावं म्हणून इथल्या जाणकारांना विचारतेय.

१. घरी रोज किती वेळ बसावं? एकदम ४५ मिनिटं की थोड्यापासून?
२. कोच दर वेळी विचारणार, "कसा गेला आठवडा?" तेव्हा "बरा गेला" याच्या पलीकडे काय सांगितलं तर त्यांना उपयोग होतो?
३. मांडी घालून पंधरा-वीस मिनिटं झाली की डावा पाय बधिर होतो. सोसत बसायचं का?
४. सकाळी बसलं की पेंग येते. उपाय?
५. इगतपुरीचं विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर झालेलं आहे. ती पद्धत आणि कोचची पद्धत एकत्र चालेल का?
६. कोच नीट आहे की नाही, हे सुरुवातीलाच कशावरून ओळखायचं?

---

सदानंद_स

मृण्मयीताई, पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बहुतेकांचा सराव इथेच मोडतो.

आठ आठवड्यांचा हा साचा जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेल्या अभ्यासक्रमातून आलाय. जुनाट दुखण्यांचे आणि ताणाचे रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून तो बेतला होता. त्यात आठवड्याला साधारण अडीच तासांचा गटवर्ग, घरी सहा दिवस ४५-४५ मिनिटं आणि मध्ये एक अख्खा दिवस मौनात, अशी रचना असते. तुमच्याकडे अडीच तासांचा वर्ग नाही, सोबत बसणारा गट नाही. मग त्यातला फक्त ४५ मिनिटांचा आकडा उचलून काय उपयोग? दुसऱ्याच आठवड्यात दिवस चुकायला लागतात आणि "आपल्याला नाही जमत" अशी समजूत होऊन बसते.

पहिले दोन आठवडे सकाळी १० मिनिटं बसून श्वास आणि संध्याकाळी आडवं पडून २० मिनिटांचा बॉडी स्कॅन (शरीराच्या एकेका भागावरून क्रमाने लक्ष फिरवणं), एवढं पुष्कळ झालं. त्यानंतर वेळ वाढवायला एकच कसोटी ठेवा: आठवड्यातले पाच दिवस ठरलेला वेळ घड्याळाकडे न बघता पूर्ण झाला, तर पाच मिनिटं वाढवा. नाही झाला तर तेवढाच ठेवा. बसताना फार अस्वस्थ होत असाल तर खुशाल कमी करा. या गतीने पाचव्या-सहाव्या आठवड्यात २० ते २५ मिनिटं होतात आणि नोकरी-घर सांभाळणाऱ्याला ती पुष्कळ काळ पुरतात.

पहिल्या कॉलमध्ये कोचकडून एक काम आवर्जून करून घ्या: आलंबन, म्हणजे लक्ष टेकवायची जागा, ठरवणं. कोच बहुधा त्याला 'अँकर' म्हणतील. तीन-तीन मिनिटांच्या तीन छोट्या बैठका करायच्या. पहिलीत लक्ष नाकपुड्यांच्या कडेवर, जिथे आत येणारी हवा किंचित गार लागते. दुसरीत बेंबीच्या आसपास, पोट वर येतं आणि खाली जातं तिथे. तिसरीत मांडीवर ठेवलेल्या तळहातांचा स्पर्श, किंवा येतील ते आवाज. प्रत्येक बैठकीनंतर कोचने विचारायला हवं की लक्ष कुठे आपसूक टिकलं आणि कुठे घुसमटल्यासारखं झालं. सायनसचा त्रास असेल, दमा असेल किंवा काळजीने छातीत धडधडायची सवय असेल, तर श्वासाकडे बघितल्याने घाबरेपणा वाढू शकतो. अशांना तळपाय किंवा तळहात बरे पडतात. "श्वासच बघायचा" असा हट्ट धरणारा कोच इथेच ओळखू येतो.

एक बैठक अशी: बसल्यावर अर्धा मिनिट नुसता शरीराचा जमिनीशी किंवा खुर्चीशी होणारा स्पर्श. मग खांदे, जबडा, कपाळ एकदा सैल. मग आलंबन. सुरुवातीला मोजणी घ्या, प्रत्येक उच्छ्वासाला एक अंक, एक ते दहा, परत एकपासून. जुन्या बौद्ध परंपरेतही पाचाच्या आत थांबू नये आणि दहाच्या पुढे जाऊ नये असंच सांगितलंय, आणि त्याला कारण आहे. फार थोडे अंक घेतले की मन कोंडल्यासारखं होतं. फार जास्त घेतले की लक्ष श्वास सोडून आकड्यालाच चिकटतं. मोजता मोजता सतरा-अठरावर पोचलात, म्हणजे तोंडाने अंक चालू आहेत आणि मन भलतीकडे. हरकत नाही, पुन्हा एकपासून.

मन भटकलंय हे कळलं की मनातल्या मनात एकच शब्द: "बेत", "आठवण", "आवाज" किंवा नुसतं "विचार". मग परत आलंबनावर. शब्द हळू असावा, दटावल्यासारखा नको. दहा-बारा प्रकारच्या नावांची यादी करू नका, तीन-चार पुरतात. नाही तर योग्य नाव शोधण्यातच बैठक संपते. आणि हे कोचने पहिल्याच दिवशी ठासून सांगायला हवं: भटकणं, ते लक्षात येणं आणि परतणं, मिळून सरावाची एक फेरी होते. वीस वेळा भटकून वीस वेळा परतलात तर वीस फेऱ्या झाल्या. बैठक वाया गेली असं अजिबात नाही.

सर्वांत जास्त होणारी गडबड म्हणजे श्वास बघायच्या ऐवजी श्वास चालवला जातो. लक्ष गेलं की श्वास आपोआप मोठा आणि मुद्दामचा होतो. पाच-सात मिनिटं असं चाललं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं वाटतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. नवख्याला वाटतं काहीतरी मोठा अनुभव येतोय, किंवा तो घाबरतो. उपाय सोपा आहे. श्वास पूर्ण बाहेर जाऊ द्या आणि पुढचा श्वास आपणहून येईपर्यंत थांबा, तो ओढू नका. तरीही जमलं नाही तर तो आठवडा आलंबन तळहातांवर न्या.

---

डॉ_फिजिओ_पुणे

प्रश्न ३ बद्दल. सोसत बसू नका, बैठक बदला.

पाय बधिर होतो तो बहुतेक वेळा मज्जातंतूवर दाब पडल्याने. दोन जागा आहेत. एक, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली जे छोटं हाड हाताला लागतं, त्याला वळसा घालून पायाच्या वरच्या भागाकडे जाणारी नस कातडीच्या अगदी जवळ असते. मांडीत ती दुसऱ्या पायाखाली किंवा जमिनीवर दाबली जाते. दुसरी, मांडीच्या मागच्या बाजूला, उशीची कड रुतते तिथे. "रक्त थांबलं" असं आपण म्हणतो, पण मुख्य भानगड दाबलेल्या नसेची.

काय करायचं ते:

बूड गुडघ्यांपेक्षा वर हवं. सतरंजीवर नुसती मांडी घातली की गुडघे वर राहतात, कमरेचं हाड मागे कलतं, पाठीला बाक येतो आणि सगळा भार घोट्यांवर जातो. घोंगडी किंवा जाड ब्लँकेट घडी करून ४ ते ६ इंच उंची करा. फार मऊ उशी नको, पाच मिनिटांत ती दबते. उशीच्या पुढच्या एक तृतीयांश भागावरच बसा, म्हणजे मांडीखाली कड रुतत नाही.

पाय एकावर एक चढवू नका. दोन्ही पाय जमिनीवर, एक पुढे एक मागे, घोट्याखाली नडगी येणार नाही असे ठेवा. गुडघा जमिनीला टेकत नसेल तर त्याखाली टॉवेलची गुंडाळी द्या. अधांतरी गुडघा तोलून धरायला जांघेचे स्नायू सतत काम करतात आणि मग कंबर दुखते. कोणता पाय पुढे, ते रोज बदला.

वज्रासनानेही काहींना हाच त्रास होतो, कारण तीच नस दाबली जाते.

तरीही होत असेल तर खुर्ची घ्या. त्यात कमीपणा काही नाही. तळपाय पूर्ण टेकलेले, मांड्या गुडघ्याकडे किंचित उतरत्या, पाठ टेकूपासून चार बोटं पुढे. उंची कमी असलेल्यांनी पायाखाली पाट ठेवावा. चाकांची ऑफिसची खुर्ची नको, ती हलते आणि बुडाखाली खड्डा पडतो.

बैठक संपल्यावर पाय बधिर असेल तर लगेच उठू नका. घोटा वर-खाली करा, पूर्ण जाणीव परत आल्यावर उभं राहा. बधिर पायावर उठून घोटा मुरगळणारे बरेच येतात. मधुमेह असलेल्यांनी याकडे जास्त लक्ष द्यावं, त्यांना दाब वेळेवर कळत नाही.

दुखण्यात फरक करायला शिका. जांघेत किंवा पाठीत मंद ओढ असेल तर काही वेळ तिच्याकडे बघत बसायला हरकत नाही. गुडघ्याच्या आत टोचल्यासारखी तीव्र कळ आली तर त्याच क्षणी पाय सोडा. पाय सोडल्यावरही बधिरपणा बराच वेळ राहत असेल, किंवा पाऊल वर उचलायला जड जात असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

---

केतकी_र

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम. मी प्रश्न २ आणि ४ घेते, ते एकमेकांत गुंतलेले आहेत.

कोच तुमच्या मनात डोकावू शकत नाही. त्याच्या हातात फक्त तुमचं सांगणं असतं. तुमचं सांगणं जेवढं मोघम, तेवढाच त्याचा सल्ला मोघम. "शांत वाटलं" किंवा "खूप विचार आले" यावर कुठलाही कोच "चालू ठेवा" याखेरीज काही सांगू शकत नाही. म्हणून बैठक संपल्यावर दोन मिनिटांत, वहीत, हाताने पाच-सहा ओळी. मोबाइलवर नको, तो हातात आला की व्हॉट्सअॅप उघडतंच.

लिहायचं ते एवढंच: कधी, कशावर बसून, किती वेळ, आलंबन कोणतं, साधारण कुठे गडबड झाली, ती लक्षात आल्यावर काय केलं, शेवटी शरीर आणि मन कसं होतं. "लक्षात आल्यावर काय केलं" ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच लोक लिहीत नाहीत. विचार काय आले याची पानभर कथा लिहितात. कोचला त्या कथेचा उपयोग नाही.

एक नमुना देते, पेंगेचाच:

*मंगळवार, सकाळी ६.१०, खुर्ची, १५ मिनिटं. आलंबन पोट, मोजणीसह. पहिली पाचेक मिनिटं मोजणी टिकली. मग पेंग, मान पुढे पडली. जागं राहायला जोरात मोठे श्वास घेतले. त्यानंतर कपाळ आवळल्यासारखं. शेवटी "आजही नाही जमलं" म्हणून चिडचिड. रात्री साडेबाराला झोपले.*

यात जाणत्या कोचला काय दिसतं? पहिली गोष्ट शेवटच्या वाक्यात आहे. साडेबाराला झोपून सहाला बसलं तर शरीर झोप मागणारच. हा झोपेचा प्रश्न आहे, तिथे ध्यानाची युक्ती चालणार नाही. एकतर रात्रीची वेळ अलीकडे आणा, नाही तर बैठक संध्याकाळी न्या. दुसरी गोष्ट, पेंग आली तेव्हा उत्तर म्हणून जोर लावला गेला आणि त्यातून कपाळाचा ताण आला. म्हणजे ढिलेपणाकडून एकदम ताठरपणाकडे. ही त्या व्यक्तीची सवय असेल तर ती पुढे प्रत्येक अडचणीत दिसेल, आणि कोचने पुढच्या कॉलमध्ये ती दाखवून द्यायला हवी. तिसरी गोष्ट, चिडचिड झाली हे लिहिलं, पण ती चालू असताना तिच्याकडे बघितलं का? जबडा घट्ट झाला होता का, छातीत गरम वाटलं का? तीही बैठकीचाच भाग आहे, घंटा वाजायच्या आधी घडलेली.

चांगला कोच या तिन्हींपैकी एकच बदल देईल. उदाहरणार्थ, या आठवड्यात डोळे अर्धे उघडे, नजर पुढे चारेक फुटांवर जमिनीकडे, बाकी सगळं तसंच. तीन बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही आणि पुढच्या आठवड्यात सगळे चाचपडत राहतात. कॉल संपताना "या आठवड्याचा एक बदल कोणता?" हे तुम्हीच मोठ्याने म्हणून दाखवा, म्हणजे दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट राहते.

पेंगेवर जुना आणि अजूनही तितकाच उपयोगी सल्ला पाली सुत्तांत आहे. बुद्धांचे शिष्य मोग्गल्लान पेंगत असताना बुद्धांनी त्यांना पायरीपायरीने उपाय सांगितले. त्यात कान ओढणं आणि अंग चोळणं आहे, उठून डोळ्यांना पाणी लावून आकाशाकडे, चांदण्यांकडे बघणं आहे, मन उजेडाकडे लावणं आणि येरझाऱ्या घालत चालणं आहे. आणि एवढं करूनही पेंग गेली नाही तर सरळ उजव्या कुशीवर झोपा, जाग आली की लगेच उठायचं ठरवून. झोप हाही त्या यादीतला एक उपाय आहे, हे विसरू नका.

चालण्याचा उपाय नीट करायचा तर घरात दहा-बारा पावलांची सरळ जागा पुरते, पॅसेज किंवा गच्ची. नेहमीपेक्षा जरा हळू, अनवाणी. टाच टेकली, तळवा टेकला, बोटं सुटली, एवढंच बघायचं. टोकाला पोचल्यावर एक पूर्ण श्वास थांबा आणि मग वळा. वळताना लक्ष हमखास सुटतं, म्हणून ते थांबणं. दहा मिनिटं चालून लगेच दहा मिनिटं बसलात तर पेंग बरीच कमी झालेली असते.

एक शेवटचं. दर वेळी पेंग एकाच विषयापाशी येत असेल, म्हणजे एखादी आठवण किंवा दुखरी गोष्ट वर आली की डोळे मिटू लागत असतील, तर ते थकव्यामुळे नसण्याची शक्यता मोठी आहे. मन टाळत असतं. तेही लिहा. तपशील द्यायची गरज नाही, "तोच विषय" एवढं लिहिलं तरी कोचला कळतं.

---

अनिकेत_गोरेगाव

प्रश्न ५.

इगतपुरीचं शिबिर सत्यनारायण गोयंकांच्या परंपरेतलं. त्या दहा दिवसांत पहिले साधारण साडेतीन दिवस आनापान असतं, म्हणजे नाकपुड्या आणि वरच्या ओठाच्या वरचा भाग इथे श्वासाकडे लक्ष. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते आणि मग लक्ष डोक्यापासून पायापर्यंत व परत वर फिरवायचं, येईल त्या संवेदनेकडे समतेने बघायचं. शिबिरानंतर सकाळ-संध्याकाळ एक-एक तास बसा आणि दुसऱ्या पद्धतींची सरमिसळ करू नका, असं तिथे स्पष्ट सांगितलेलं असतं.

कोचचा बॉडी स्कॅन वरवर तसाच वाटतो आणि त्यामुळेच घोटाळा होतो. तो बहुधा आडवं पडून करतात, डाव्या पायाच्या बोटांपासून सुरू होऊन वर सरकतो, आणि तिथे संवेदना मिळाली नाही तर "काही जाणवत नाही" हे जाणून पुढे जायचं. विपश्यनेत अशा जागी थोडा वेळ थांबायला सांगतात. शिबिर झालेल्यांचं मन स्कॅन करताना आपोआप डोक्यावरून सुरू होतं, मग कोचचा आवाज पायाशी आणि लक्ष टाळूवर. दोन सूचना एकदम चालल्या की एकही धड होत नाही.

म्हणून सरळ निवड करा. कोचबरोबरचे आठ आठवडे कोचची पद्धत, आणि हे त्यांना पहिल्याच कॉलमध्ये सांगा. आनापान मात्र दोन्हीकडे बसतं. नाकपुड्यांचं आलंबन तुमचं आधीच तयार असेल तर तेच घ्यायला काही अडचण नाही. आणि विपश्यनाच पुढे न्यायची इच्छा असेल, तर ती कोचकडून दुरुस्त करून घेऊ नका. त्यासाठी जुन्या साधकांच्या एक दिवसाच्या शिबिरांना किंवा सामूहिक साधनेला जा. ती केंद्रांवर होतात, गोराईच्या ग्लोबल पॅगोडातही होतात, शुल्क नसतं, आणि शंका तिथल्या सहायक आचार्यांना विचारता येतात.

शिबिरातली एक सवय घरी आणू नका: एक तास न हलण्याचं अधिष्ठान. ते दिवसभराच्या मौनावर आणि सरावावर उभं असतं. ऑफिसच्या आधीच्या पंधरा मिनिटांत ते लादलं की नुसती झुंज होते, आणि तुमच्या बधिर पायाला तर ते मुळीच नको.

---

मानसशास्त्र_वाचक

प्रश्न ६ ला मी थोडं सविस्तर उत्तर देते, कारण यात चूक झाली तर ती महागात पडते.

भारतात 'माइंडफुलनेस कोच' म्हणवून घ्यायला कोणताही कायदेशीर परवाना लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात. कोच या दोन्हींपैकी कोणी असेलच असं नाही आणि असायलाच हवा असंही नाही. मात्र आपली हद्द त्याला माहीत असायला हवी.

पैसे भरण्याआधी विचारा: तुमचा स्वतःचा रोजचा सराव आहे का आणि कोणत्या परंपरेतला? शिकवायचं प्रशिक्षण कुठे झालं? तुमच्या कामावर देखरेख करणारं, अडल्यावर तुम्ही ज्यांना विचारता असं कोणी आहे का? बैठकीत मला भीतीचा झटका आला तर तुम्ही काय कराल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. "तसं काही होत नाही" हे उत्तर आलं तर दुसरा कोच बघा.

उलट त्यानेही तुम्हाला विचारायला हवं. नैराश्य, बायपोलर, सायकोसिस, फिट येणं, अलीकडचा जवळच्या माणसाचा मृत्यू, जुना आघात, चालू औषधं. हे विचारल्याशिवाय थेट "डोळे मिटा" म्हणणारा कोच घाई करतो आहे. औषधं बंद करायला सांगणारा, अमुक दिवसांत चिंता जाईल अशी हमी देणारा, किंवा वर्षभराचं पॅकेज आधीच भरून घेणारा असेल तर तिथेच थांबा.

वारंवार नैराश्य येणाऱ्यांसाठी सजगतेवर आधारलेला एक वेगळा आठ आठवड्यांचा उपचार आहे, तो झिंडेल सेगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी बांधला. नैराश्य पुन्हा उलटू नये हा त्याचा मूळ हेतू. सध्या तीव्र नैराश्यात असलेल्या माणसाने तो उपचारांच्या जागी धरू नये, आणि साध्या कोचिंगलाही तसा उपचार समजू नये.

बसलेलं असताना अचानक भीती दाटली, स्वतःपासून तुटल्यासारखं किंवा आजूबाजूचं खोटं वाटू लागलं, तर "साक्षीभावाने बघत राहा" हा सल्ला त्या क्षणी चुकीचा आहे. डोळे उघडा. तळपाय जमिनीवर दाबा. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. उठून तोंडावर गार पाणी मारा, थोडं चाला, कोणाशी तरी बोला. त्या दिवशी पुन्हा बसू नका आणि कोचला कळवा. पुढचे काही दिवस डोळे उघडे ठेवून पाच मिनिटं, आलंबन आवाज किंवा तळपाय, किंवा नुसतं चालणं. आतल्या संवेदनांवर लक्ष वाढवलं की हा त्रास काहींना वाढतो, म्हणून लक्ष बाहेर न्यायचं.

आणि काही गोष्टी कोचच्या हद्दीबाहेरच्या आहेत. झोपेची गरज एकदम कमी होऊन अंगात अफाट जोर आल्यासारखं वाटणं, आवाज ऐकू येणं, तुटलेपण दिवसभर राहणं, जगणं नकोसं वाटणं. तेव्हा मनोविकारतज्ज्ञ. टेलिमानसची १४४१६ ही सरकारी मोफत सेवा चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं.

---

मृण्मयी_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. वही घेतली, खुर्चीही ठरली, आणि शिबिराबद्दल कोचला आधीच लिहून टाकते.

दोन गोष्टी राहिल्या. घरात सकाळी गडबड असते, सासूबाईंची पूजा, मुलाची शाळा, त्यात रोजचा नेम कसा टिकवायचा? आणि आठ आठवड्यांनी कोच नसतील तेव्हा काय?

---

केतकी_र

नेमासाठी घड्याळाची वेळ धरू नका, एखादी रोज होणारीच कृती धरा. "सहा वाजता बसेन" हे सहा वीस झाले की मोडतं. "दात घासून झाले की चहा ठेवायच्या आधी खुर्चीत बसेन" हे टिकतं, कारण दात घासणं चुकत नाही. खुर्ची आदल्या रात्रीच जागेवर असू द्या.

किती दिवसांत अंगवळणी पडतं? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात साध्या सवयी आपोआप व्हायला लागायला मध्यक ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसात १८ ते २५४ दिवस इतका फरक होता. म्हणजे आठ आठवडे, ५६ दिवस, संपले तरी सवय पक्की झाली नसेल तर त्यात गैर काही नाही. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही असंही दिसलं. चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी दुप्पट बसून भरून काढू नका. फार धावपळीच्या दिवशी तीन मिनिटं बसा, आणि वहीत "तीन मिनिटं" असंच लिहा.

गडबडीचं म्हणाल तर घरच्यांना एकदाच सांगून ठेवा की अमुक वेळ हाक मारू नका, आग लागली तरच. बाकी आवाज चालू द्या. पूजेची घंटा वाजली, कुकरची शिट्टी झाली की तिला त्या वेळेपुरतं आलंबन करा. शिट्टी सुरू झाली, चढली, संपली, आणि संपल्यावर "किती झाल्या?" हा विचार आला. तो विचार आलेला दिसला की श्वासावर परत. गॅस बंद करायची जबाबदारी मात्र त्या पंधरा मिनिटांपुरती दुसऱ्या कोणाकडे द्या, नाही तर मन शिट्ट्याच मोजत बसेल.

---

सदानंद_स

कोचनंतरचं. त्याची तयारी आठव्या आठवड्यात करून भागत नाही, पाचव्यापासून करावी लागते.

कोचच्या आवाजातलं रेकॉर्डिंग लावून बसत असाल तर पाचव्या आठवड्यात फक्त पहिली पाच मिनिटं आवाज, उरलेला वेळ शांतता. सहाव्यात एक दिवसाआड बिनआवाजाची बैठक. सातव्यात फक्त सुरुवातीची आणि शेवटची घंटा. हे टप्पे केले नाहीत तर होतं असं की लक्ष टिकतं ते आवाजामुळे, आणि रेकॉर्डिंग बंद केलं की दुसऱ्या मिनिटाला मन सैरभैर. मग लोक नवीन अॅप शोधतात, त्यातला नवा आवाज, नवी पद्धत, आणि पुन्हा पहिल्यापासून.

टायमर लावताना फोन एअरप्लेन मोडवर आणि हाताच्या टप्प्याबाहेर. अॅपमधली सलग दिवसांची मोजदाद बंद करून टाका. एक दिवस चुकून ती शून्यावर आली की सराव सोडणारे खूप आहेत.

सातव्या कॉलमध्ये कोचला सांगा की २० मिनिटं दोघं गप्प बसू, तुम्ही सूचना देऊ नका. त्यानंतर कुठे अडलं आणि त्यावर काय केलं ते तुम्ही सांगायचं आणि पुढचा बदलही तुम्हीच सुचवायचा. कोचने फक्त तो बरोबर वाटतो का, एवढं बोलायचं. आठव्या कॉलमध्येही हेच झालं की वही स्वतःला वाचता येऊ लागते.

नंतर कॉल एकदम तोडू नका. पंधरा दिवसांनी एक, मग महिन्याने एक, असे दोन-तीन ठेवा, प्रत्येकी अर्धा तास पुरे. मधल्या काळात दोन आठवडे ओळीने तीच अडचण वहीत दिसत असेल आणि तुम्ही केलेला बदल लागू पडत नसेल, तरच मधेच फोन करा. आणि शक्य असेल तर आठवड्यातून एकदा कोणासोबत तरी बसा, नाशिकमध्ये गट सापडेल, नसेल तर व्हिडिओवर एखादी मैत्रीण चालेल. बोलायचं काही नाही. ठरलेल्या वेळी दोघींनी स्क्रीन चालू करायची, वीस मिनिटं बसायचं, बंद करायची.